राक्षस, यमक आणि झोपेची वेळ

चार वर्षांच्या मुलीला झोपण्यापूर्वी रोज राक्षसांचीच, आणि तीही यमकात बांधलेली, चित्रपुस्तके ऐकायची असतात. ऐकताना ती पांघरुणात तोंड लपवते, पण पुस्तक मिटू देत नाही. अशा पुस्तकांनी तिची झोप बिघडेल का, ती निवडावीत कशी आणि वाचावीत कशी, असे तुम्ही विचारले आहे. लहान मुलांसाठी पद्यातील चित्रपुस्तके लिहिणे, इतरांनी लिहिलेली संपादित करणे आणि मुलांना ती वाचून दाखवणे हे काम मी वीसहून अधिक वर्षे करत आले आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

तोंड लपवूनही पुस्तक मिटू न देणारी मुलगी भीतीशी कसे वागावे हे शिकत असते, आणि त्या शिकण्यात चित्राइतकाच यमकाचाही वाटा असतो. ही पुस्तके बंद करावीत असे मला मुळीच वाटत नाही. मात्र राक्षसाचे प्रत्येक पुस्तक रात्री वाचण्याजोगे नसते, आणि ओळीच्या शेवटी सारखी अक्षरे आली म्हणजे यमकाने आपले काम केले असेही होत नाही. या दोन्ही गोष्टी पारखता आल्या, तर निवड सोपी होते.

साधारण तीन ते सहा या वयात अंधाराची आणि काल्पनिक प्राण्यांची भीती वाटणे हा वाढीचाच भाग आहे. या वयात कल्पनाशक्ती जोरात धावू लागलेली असते, पण मनात उभे राहिलेले चित्र आणि समोरची खोली यांच्यातील सीमारेषा अजून पक्की झालेली नसते. दिवसा ‘राक्षस खरे नसतात’ असे ठामपणे सांगणारे मूल दिवा मालवल्यावर तेच वाक्य तितक्या ठामपणे म्हणू शकत नाही, आणि त्यात काही विसंगती नाही. या भीतीतला सर्वांत बोचरा भाग म्हणजे पुढे काय येणार हे ठाऊक नसणे. यमक नेमके इथे उपयोगी पडते, कारण पुढचा शब्द कोणता हे मुलाला ठाऊक नसले, तरी तो कसा वाजणार हे ठाऊक असते. राक्षस कितीही अक्राळविक्राळ असो, त्याला ओळीच्या शेवटी ठरलेल्या आवाजावर येऊन थांबावेच लागते. मूल त्या आवाजापाशी राक्षसाच्या आधी पोहोचते, आणि मग भीतीची सूत्रे त्याच्या हाती येतात.

हे केवळ माझ्या अनुभवातले नाही. कर्स्टन रीड या संशोधिकेने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन ते चार वर्षांच्या मुलांना काल्पनिक राक्षसांची वर्णने पद्यात वाचून दाखवली होती. राक्षसाचे नवे नाव कधी यमकाबाहेर ठेवले होते, कधी पहिल्या ओळीच्या शेवटी यमकात, तर कधी वर्णन पूर्ण झाल्यावर कडव्याच्या अखेरच्या ओळीत यमकाचा शब्द म्हणून. शेवटच्या प्रकारात मुलांनी नावे सर्वांत चांगली शिकली आणि राक्षस ओळखले. आणखी लक्षणीय म्हणजे, आईवडील स्वतः वाचू लागले तेव्हा त्यांतले बरेच जण कोणी न सांगता त्या शब्दापूर्वी थांबत होते, आणि त्यांच्या मुलांना यमकाचा लाभ अधिक झाला. ही थांबण्याची जागा म्हणजे मुलाने हाताने चाचपून पाहावी अशी पायरीच असते.

उदाहरणादाखल मी रचलेले एक कडवे पाहा:

अंगामध्ये लोकरबंडी,
तरिही ज्याला वाजे थंडी,
हलवत येतो मोठी मुंडी,
ओळखलं का? गुबगुबगुंडी!

इथे राक्षसाचे नाव आधी कळत नाही. लोकरीची बंडी, थंडी, मोठी मुंडी हे सारे चित्रात शोधून झाल्यावर चौथ्या ओळीत प्रश्न येतो आणि वाचणारा थांबतो. पहिल्या रात्री मूल गप्प राहते. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री ‘गुंडी’ एवढाच तुकडा म्हणते. आठवडाभरात पूर्ण नाव वाचणाऱ्याच्या आधी ओरडून मोकळे होते. ज्याला आपण नावाने हाक मारतो, आणि तीही तो समोर येण्याआधी, त्याच्यापासून पळण्याची गरज उरत नाही.

आता मराठीपुरती एक अडचण सांगायला हवी, कारण पुस्तक पारखताना ती सर्वांत आधी दिसते. मराठी वाक्य बहुधा क्रियापदावर संपते, त्यामुळे आला, गेला, केला, झाला ही यमके लेखकाला फुकट मिळतात. ‘राक्षस आला, आवाज केला, मुलगा भ्याला, पळून गेला’ अशी ओळीमागून ओळ येत राहते आणि कानाला ताल मिळतो, पण मुलाला अंदाज बांधता येत नाही. ‘ला’वर संपणारी क्रियापदे भाषेत शेकड्यांनी आहेत, त्यांतले कोणते येणार हे चित्र पाहूनही सांगता येत नाही. उलट यमकाचा शब्द हे चित्रात दिसणाऱ्या वस्तूचे नाव असेल, तर कान आणि डोळा मिळून एकाच उत्तराकडे जातात. ‘झाडामागे पांढरे दात, कोणाचा हा केसाळ हात?’ या ओळींत दात ऐकल्यावर आणि चित्रात फांदीवर पडलेला पंजा पाहिल्यावर हात हाच शब्द सुचतो. मराठीत शब्दांची जागा बरीच हलवता येते. थोडे कष्ट घेतले तर क्रियापद ओळीच्या मध्ये नेऊन नामाला शेवटची जागा देता येते. पुस्तक हातात घ्याल तेव्हा कुठलीही तीन पाने उघडून फक्त ओळींचे शेवटचे शब्द वाचा. त्यांत नुसती क्रियापदे असतील, तर ते पुस्तक चार रात्रींत जुने होईल.

राक्षसाच्या नावाकडेही असेच लक्ष द्यावे. आपल्या भाषेने भयंकर प्राण्यांना माणसाळवण्याची एक सुरेख युक्ती फार पूर्वीपासून जपली आहे: वाघाचा वाघोबा होतो, कोल्ह्याचा कोल्होबा, नागाचा नागोबा. एका प्रत्ययात धाक आणि जवळीक दोन्ही सामावतात. चांगल्या राक्षसनामात हे दोन्ही असावे. म्हणताना तोंड थोडे वाकडे व्हावे, ओठ फुगावेत, जीभ अडखळावी आणि अर्थ कळण्याआधी गंमत वाटावी. ‘महाक्रूर’, ‘रक्तपिपासू’ अशा विशेषणांतून बनवलेली नावे मुलाला काहीच करायला देत नाहीत. यमकातूनच प्राणी जन्माला येण्याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ज्युलिया डोनाल्डसन यांचे, अक्सेल शेफलर यांच्या चित्रांसह १९९९ साली आलेले ‘द ग्रफेलो’. वाघाला फसवणाऱ्या एका चिनी लोककथेवरून त्यांना ते सुचले होते, परंतु इंग्रजीत वाघाच्या शब्दाशी यमक जुळेना, म्हणून त्यांनी यमकाला सोयीचा असा एक नवाच प्राणी घडवला. ही गोष्ट अनुवादित पुस्तके निवडताना आठवावी. मूळ भाषेत ज्या नावाचा जन्मच यमकासाठी झाला, ते नाव मराठीत जसेच्या तसे ठेवले तर त्याभोवतीची यमके ओढूनताणून आणावी लागतात. अनुवादकाने अर्थाशी थोडी मोकळीक घेऊन नादाची मांडणी नव्याने केली असेल, तर ते पुस्तक घ्या. शब्दाला शब्द ठेवून यमक मोडले असेल, तर त्यापेक्षा सरळ गद्यातली गोष्ट बरी.

यमकाइतकेच महत्त्व मात्रांना, म्हणजे अक्षर उच्चारायला लागणाऱ्या वेळाच्या मापाला, आहे, आणि झोपेशी त्यांचा संबंध अधिक जवळचा आहे. मुलांच्या मराठी पद्यात सोळा मात्रांची ओळ, आठ-आठच्या दोन भागांत विभागलेली, फार सहज बसते. वरचे कडवे त्याच मापाचे आहे. माप तेच ठेवूनही वेग बदलता येतो, कारण एका मात्रेची लघू अक्षरे पळतात आणि दोन मात्रांची गुरू अक्षरे रेंगाळतात. ‘गुबगुब’, ‘हलवत’ यांत लघू अक्षरांची दौड आहे. आता हे ऐका:

मोठे डोळे झाले छोटे,
दुलईखाली निजली बोटे.

पहिल्या ओळीतली आठही अक्षरे गुरू आहेत. ती घाईने वाचायची म्हटली तरी वाचता येत नाही. श्वास आपोआप लांबतो, आणि मांडीवर किंवा कुशीत असलेल्या मुलाचा श्वासही त्याबरोबर मंदावतो, हे मी असंख्य वेळा अनुभवले आहे. म्हणून रात्रीच्या पुस्तकाची माझी पहिली कसोटी अशी की शेवटची चार पाने मोठ्याने वाचून पाहावीत. तिथे जोडाक्षरांची खडखड, उद्गारचिन्हे आणि ‘धडाम’, ‘फटाक’ असे शब्द असतील, तर ते पुस्तक उत्तम असेलही, पण ते संध्याकाळी खेळताना वाचायचे पुस्तक आहे.

चित्रांविषयी बोलण्याआधी पुस्तकाची घडण थोडी समजून घ्यावी. चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचे असते, कारण छपाईचा मोठा कागद घडी घालून १६ पानांचा एक फर्मा होतो आणि असे दोन फर्मे शिवले जातात. सुरुवातीची शीर्षकपाने वगळली की गोष्टीसाठी बारा ते चौदा जोडपाने, म्हणजे समोरासमोरच्या दोन-दोन पानांच्या जोड्या, उरतात. एवढ्याशा जागेत राक्षसाची चाहूल लागायची, तो दिसायचा, गोंधळ व्हायचा आणि सारे शांत व्हायचे असते. माझ्या मते रात्रीच्या पुस्तकात भीतीचे शिखर आठव्या जोडपानाच्या आसपास येऊन गेलेले असावे, म्हणजे उतरायला पुरेशी जागा राहते. पुष्कळ पुस्तके शिखर बाराव्यावर ठेवतात आणि एका पानात सगळे आटोपतात. मुलाचे हृदय तेवढ्या वेगाने शांत होत नाही.

पान उलटणे हा या पुस्तकांतला सर्वांत मोठा क्षण असतो. यमकाचा पहिला शब्द एका पानावर आणि उत्तर पान उलटल्यावर, अशी मांडणी ज्या पुस्तकात आहे, तिथे मूल स्वतः हात पुढे करून पान उलटते. तो हात लहान असला, तरी राक्षसाला बाहेर येऊ द्यायचे की नाही हे तोच ठरवत असतो. चित्राभोवती मोकळी जागा आहे का, हेही पाहावे. चौकटीतला राक्षस चौकटीत राहतो. पानाच्या चारही कडांपर्यंत पसरलेला राक्षस खोलीत उतरल्यासारखा वाटतो. मॉरिस सेंडाक यांच्या १९६३ सालच्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’मध्ये या तत्त्वाचा वापर इतका नेमका आहे की, ते पुस्तक यमकात नसतानाही मी प्रत्येक नव्या चित्रकाराला ते पाहायला सांगते. सुरुवातीची चित्रे लहान आणि भोवती भरपूर पांढरी जागा, मग चित्रे वाढत जाऊन पूर्ण पान व्यापतात, तीन जोडपानांवर शब्दच नाहीत, आणि नंतर ती पुन्हा आवरत जाऊन अखेरच्या पानावर चित्र उरतच नाही, फक्त शब्द. मुलाला हे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

मुले दातांना, नखांना आणि शिंगांना आपण समजतो तेवढी भीत नाहीत. त्यांना अस्वस्थ करतात ते न दिसणारे डोळे, अर्धवट कापलेला चेहरा, आणि त्यांच्याच खोलीसारखी दिसणारी खोली. राक्षसाची नजर कुठे आहे हे दिसले की मूल त्याचा हेतू वाचू शकते. डोळेच सावलीत असतील तर ते वाचता येत नाही, आणि दिवा मालवल्यावर मन त्या रिकाम्या जागेत स्वतःचे काहीतरी भरते.

शेवटाबाबत मी स्वतः एक गंभीर चूक केली आहे. एका पुस्तकात राक्षस पळून गेल्यानंतरच्या अखेरच्या पानावर मी पलंगाखाली चमकणारे दोन डोळे ठेवले होते. मोठ्यांना ती कल्पना फार आवडली. मुलांना वाचून दाखवले तेव्हा एक मुलगा काहीही न बोलता उठून आईच्या मागे जाऊन उभा राहिला, आणि त्याच्या आईने नंतर मला कळवले की पुढचे कित्येक दिवस तो पलंगावर पाय टाकण्यापूर्वी खाली वाकून पाहत होता. मी त्याला एक प्रश्न देऊन घरी पाठवले होते आणि उत्तर दिले नव्हते. पुढच्या आवृत्तीत ते पान बदलून घेतले. तेव्हापासून रात्रीच्या पुस्तकासाठी माझा नियम ठरलेला आहे: शेवटच्या पानावर राक्षस कुठे आहे हे मुलाला स्पष्ट दिसले पाहिजे. तो झोपलेला असो, आपल्या गुहेत आईपाशी असो, बोटीत बसून दूर गेलेला असो, पण त्याचा ठावठिकाणा लागलेला असावा. राक्षसाला ठार मारणारे शेवट मी टाळते. मेलेला राक्षस परत येईल का, हा प्रश्न अंधारात हमखास येतो. झोपलेला राक्षस मात्र मुलासारखाच असतो, त्यालाही थंडी वाजते, त्यालाही जांभई येते.

वाचण्याच्या पद्धतीबद्दल थोडे. नवे पुस्तक पहिल्यांदा रात्री वाचू नका. दुपारच्या उजेडात, बसून, हवे तिथे थांबत वाचा, म्हणजे रात्री ते ओळखीचे होऊन येते. राक्षसाचा आवाज काढायचा असेल तर तो जाड काढा, पण कुजबुजता काढू नका. कुजबुज मुलाला अधिक घाबरवते, कारण ती कुठून येते हे कळत नाही. यमकाच्या शब्दापूर्वी थांबताना मुलाकडे पाहा, पण ‘सांग, सांग’ असा तगादा लावू नका. ते बोलले नाही, तर दोन क्षणांनी तुम्ही शब्द म्हणा आणि पुढे जा. ती परीक्षा होता कामा नये. शेवटच्या पानांवर मात्र थांबणे सोडून द्या, कारण अंदाज बांधणारे मन जागे राहते. तिथे सलग, सपाट, हळूहळू लहान होत जाणाऱ्या आवाजात वाचा. पुस्तक मिटण्याचा क्षण मुलाच्या हाती द्या. ‘मिट आता, गुबगुबगुंडीला झोप आली’ असे म्हटले की मूल दोन्ही हातांनी पुस्तक बंद करते, आणि राक्षस कुठे गेला याचे उत्तर त्याच्या तळव्यांखाली असते. त्यानंतर ते पुस्तक खोलीतल्या ठरलेल्या जागी ठेवा. उशाशी ठेवायचे की दाराबाहेर, हे तिला ठरवू द्या; काही मुले तोच राक्षस उशीखाली घेऊन झोपतात.

तेच पुस्तक रोज मागितले तर कंटाळू नका, आणि नवे पुस्तक मध्येच घुसवू नका. ससेक्स विद्यापीठातील जेसिका हॉर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तीन वर्षांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात, नवे शब्द सारख्याच संख्येने कानावर पडूनही, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकणाऱ्या मुलांनी वेगवेगळ्या गोष्टी ऐकणाऱ्यांपेक्षा ते शब्द चांगले शिकले. भीतीच्या बाबतीतही मला हेच दिसते. पहिल्या रात्री पांघरुणात जाणारे तोंड दहाव्या रात्री बाहेर येते, विसाव्या रात्री मूल राक्षसाला दटावते, आणि एके दिवशी ते पुस्तक मागेनासे होते. काम झालेले असते.

झोप खरोखर बिघडते आहे का, हे ओळखण्यासाठी एक फरक माहीत असावा. झोप लागल्यानंतर पहिल्या दोन-तीन तासांत मूल किंचाळून उठले, डोळे उघडे असूनही तुम्हाला ओळखत नसेल आणि सकाळी त्याला काहीच आठवत नसेल, तर तो गाढ झोपेतून अर्धवट जागे होण्याचा प्रकार असतो. त्याचा दोष पुस्तकाला देऊ नये. दुःस्वप्ने बहुधा पहाटेकडे पडतात, मूल पूर्ण जागे होते आणि काय पाहिले ते सांगते. त्या सांगण्यात पुस्तकातलाच राक्षस वारंवार येत असेल, तर ते पुस्तक काही आठवडे दिवसाच्या वाचनाकडे न्या, पण लपवून ठेवू नका. अचानक नाहीसे झालेले पुस्तक ‘ते खरेच धोक्याचे होते’ असे मुलाला सांगते. भीतीमुळे आठवडेच्या आठवडे झोपायला जाणे टळत असेल किंवा दिवसाचे वागणेही बदलले असेल, तर बालरोगतज्ज्ञांशी बोलावे.

काही घरांत पलंगाखाली पाणी फवारून ‘राक्षस पळवण्याचे औषध’ मारले जाते. हेतू प्रेमाचा असतो, पण ज्यावर औषध मारावे लागते ते तिथे आहे, अशी कबुली त्यात दडलेली असते. राक्षसाला पुस्तकातच राहू द्या. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते: ज्या राक्षसाशी मुलीने इतक्या रात्री घालवून मैत्री केली, त्याच्या नावाने तिला कधीही दम देऊ नका. ‘झोप, नाहीतर तो येईल’ हे एक वाक्य सगळ्या यमकांवर पाणी फिरवते. बागुलबुवा हा शब्द मोठ्यांनी मुलांना गप्प करण्यासाठी वापरला. चित्रपुस्तकातला राक्षस मुलांना बोलते करण्यासाठी आहे. त्या दोघांची गल्लत झाली की पुस्तक निरुपयोगी होते.

अडीच वर्षांखालच्या मुलाला गोष्टीशी फारसे देणेघेणे नसते. त्याला जाड पुठ्ठ्याची पाने, एका पानावर दोन ओळी आणि नाद पुरतो. सहाव्या वर्षानंतर पुष्कळ मुले स्वतःच राक्षस रचू लागतात. तुमची मुलगी चारची आहे, तेव्हा तिच्याबरोबर तो खेळ आताच सुरू करता येईल. तिला राक्षसाची तीन लक्षणे विचारा आणि शेवटचे लक्षण कोणत्या आवाजावर संपते ते पाहून नाव जुळवा. कान लांब म्हणाली तर तो ‘ढुबढुबढांब’ होईल, केस म्हणाली तर ‘भोपळभेस’. अर्थ लागला नाही तरी चालेल, मात्रा थोड्या चुकल्या तरी चालतील. पण नाव तिनेच उच्चारावे, आणि तो राक्षस रात्री कुठे झोपतो हेही तिनेच सांगावे.